भाजीची गाडी रिकामी का परत जाते?

मध्यरात्रीनंतर पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जुन्नर, खेड, शिरूर, पुरंदरच्या गाड्या यायला लागतात. मेथीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट, कोबी-फ्लॉवरची पोती उतरतात, आडत्याच्या गाळ्यावर सौदे होतात आणि ऊन चढायच्या आत त्याच गाड्या रिकामे क्रेट रचून गावाकडे वळतात. त्याच सुमाराला शहरातल्या गल्ल्यांत घंटागाडी फिरत असते. परवाच्या मेथीच्या काड्या, टोमॅटोची देठं, शिळी पोळी, कालचा भात तिच्यात पडतो. एक गाडी माल टाकून रिकामी चालली आहे, दुसरी भरलेली आहे आणि रिकामी कुठे व्हायचं ते शोधते आहे. शहर आणि खेडं यांच्या नात्यावर ‘शाश्वत विकास’ या मथळ्याखाली जे काही बोललं जातं, त्यातला बराच भाग या दोन गाड्यांमध्ये मावतो.

शेतातून शहरात गेलेल्या मालातलं काय परत आणता येतं, कसं, किती, आणि घोडं कुठे अडतं, एवढंच इथे पाहू.

शेतातून काय जातं

भाजी म्हणजे बहुतेक पाणीच. टोमॅटोत ते नव्वद टक्क्यांच्या बरंच वर असतं. उरलेल्या थोड्या भागात शेताचा ऐवज असतो. एक टन टोमॅटोच्या फळांबरोबर साधारण दीड किलो नत्र (नायट्रोजन), अर्धा किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि तीन किलोच्या आसपास पालाश (पोटॅश) शेताबाहेर पडतं. कांद्याबरोबर टनाला पावणेदोन किलो नत्र आणि जवळपास तेवढंच पालाश. मेथीत प्रथिनं जास्त, म्हणून नत्रही टनाला सात किलोपर्यंत. म्हणजे नारायणगावातून दहा टन टोमॅटोचा ट्रक हलला की पंधरा किलो नत्र आणि तीस किलो पालाश गावाबाहेर गेलं.

शेतकरी ही तूट रासायनिक खताच्या पोत्यांनी भरून काढतो. त्यातलं पोटॅश तर जवळजवळ सगळं आयात होतं: कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायलमधून. हजारो किलोमीटर लांबून आलेलं पोटॅश जुन्नरच्या टोमॅटोत उतरतं, ताटात येतं आणि तिथून मोरीत जातं.

पोत्यांनी भरून न येणारी तूट मात्र वेगळी आहे. ती सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्यातून आणि शेणातून मातीत येणाऱ्या कार्बनची. जमीन भुसभुशीत राहणं, पाणी धरून ठेवणं, दिलेलं खत पिकाला लागू पडणं हे सगळं कर्बावर चालतं. माती परीक्षणाच्या पत्रिकेत अर्ध्या टक्क्याखालचा कर्ब ‘कमी’ समजतात, आणि आपल्याकडच्या बागायती रानांत हा शेरा नवा नाही. गोठ्यातली जनावरं कमी झाली, तसा दारातला उकिरडाही आटला. आज शेणखत ट्रॉलीच्या भावाने विकत घ्यावं लागतं आणि तेही वेळेवर मिळत नाही. शहराच्या ओल्या कचऱ्याकडे शेतकऱ्याने बघायचं कारण हेच आहे. नत्र ही त्यातली दुय्यम बाब.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ओला कचरा परत आणला की शेताचं सगळं देणं फिटलं, असं नाही. खाल्लेल्या अन्नातलं बहुतेक नत्र शरीरातून लघवीवाटे जातं. माणशी वर्षाला तीन-चार किलो. पुण्याचं हे नत्र मुठेत, पुढे मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात जातं. जलपर्णी तिथे माजते ती या फुकटच्या खतावर. म्हणजे शेताचं खत शेताला न मिळता नदीला मिळतं. ओला कचरा हा परतीच्या मालातला लहान वाटा आहे, पण हातात धरता येतो, गाडीत भरता येतो, आणि कर्ब त्याच्यात आहे.

एका टनाचे दोन क्विंटल कसे होतात

घरातल्या ओल्या कचऱ्यात सत्तर टक्के पाणी असतं. एक टन कचऱ्यात कोरडा भाग फक्त तीनशे किलो. कुजताना जिवाणू त्यातला निम्मा भाग खाऊन हवेत सोडतात. उरले दीडशे किलो. तयार खतात वीस-पंचवीस टक्के ओलावा ठेवावा लागतो, नाहीतर ते धुळीसारखं उडतं. हिशेब एकशे नव्वद ते दोनशे किलोवर येतो. ‘एका टनातून अर्धा टन खत’ असं कुणी सांगितलं, तर त्या खतात माती मिसळलेली आहे किंवा ते अजून ओलं आहे.

पंचेचाळीस हजार वस्तीचं तालुक्याचं गाव घेऊ. माणशी तीनशे ग्रॅम धरले तर रोजचा कचरा साडेतेरा टन, त्यातला निम्मा, म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास, ओला. रोज एक टन तीनशे किलो खत. आठवड्याला नऊ टन, म्हणजे एक ट्रक. या आकाराच्या गावाला हे काम खरं तर झेपतं, कारण गावाच्या वेशीबाहेर लगेच शेत आहे. रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा होणाऱ्या पुण्याला शेत शोधायला लांब जावं लागतं.

जागा किती लागेल? कचऱ्याच्या लांबट राशी घालतात, बांधासारख्या. तळाला दोन मीटर रुंद, उंची सव्वा मीटर ते दीड मीटर. अशा राशीच्या एका मीटर लांबीत साधारण एक टन ओला कचरा बसतो. रोज साडेसहा मीटर, महिनाभरात दोनशे मीटर. मधली वाट धरून आठ गुंठे. वर्गीकरण, मुरवण, चाळणी आणि साठवण धरली की वीस गुंठे पुरतात. उंची दोन मीटरच्या वर नेऊ नये. तळातली हवा दाबली जाते आणि खत होण्याऐवजी सडणं सुरू होतं.

कुजण्याच्या कामाला चार गोष्टी लागतात: कर्ब, नत्र, पाणी, हवा. जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब हवा असतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात तो पंधरा-वीसच असतो, म्हणून नुसत्या भाजीची रास घातली की अमोनियाचा भपका येतो. म्हणजे नत्र हवेत चाललं. त्यात वाळलेला पालापाचोळा, लाकडाचा भुसा, बारीक केलेल्या फांद्या मिसळतात. तीन पाट्या ओल्याला एक पाटी पालापाचोळा इतक्यावर बहुतेक वेळा काम भागतं. बागेतला पाला सफाईवाले जागीच जाळतात, तो इथे यायला हवा. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची पानगळ पोत्यांत भरून ठेवली तर पावसाळ्यात हाताशी येते. पावसाळ्यात कोरडं काही मिळत नाही आणि गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

ओलावा मुठीने बघायचा. मूठभर कचरा दाबला की बोटांच्या फटीत पाणी दिसावं, पण थेंब पडू नये. थेंब पडला तर ओलं जास्त. कोरडा माल घाला आणि पलटी मारा. मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर पाणी कमी.

दोन-तीन दिवसांत रास तापते. मधोमध सळई खुपसून पाच मिनिटांनी काढली की हात धरवत नाही. पंचावन्न ते पासष्ट अंश ही चांगली खूण. रोगजंतू आणि तणाचं बी मारायचं तर पंचावन्नच्या वरचं तापमान पंधरा दिवस टिकायला हवं आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटी मारायला हवी, कारण बाहेरची थंड कड आत गेल्याशिवाय तिच्यातले जंतू मरत नाहीत. पलटी चुकवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. जेसीबी दुसरीकडे गेला, डिझेल संपलं, सुट्ट्या आल्या. आणि रास वरून काळी, आतून हिरवट, कुबट. त्यानंतर महिनाभर रास सावलीत मुरू द्यायची. या महिन्यात उष्णता उतरते, रंग गडद होतो, वास पावसात भिजलेल्या मातीसारखा येतो.

राशीतून गळणारं काळं पाणी टाकीत साठवून नव्या राशीवर मारायचं. तयार राशीवर मारलं तर मेलेले जंतू परत जिवंत घातल्यासारखं आहे. फरशीला उतार हवा, नाहीतर ते पाणी शेजारच्या विहिरीत जातं. कोकणात आणि मावळात वर पत्रा नसेल तर जून ते सप्टेंबर खत होतच नाही, काला होतो.

विरजण म्हणून विकत मिळणाऱ्या कल्चरच्या पावडरींवर बरेच पैसे जातात. जिवाणू कचऱ्यात असतातच. हवंच असेल तर आधीच्या राशीतलं चाळणीवर उरलेलं भरड खत दहा टक्के मिसळावं. त्यासारखं विरजण नाही. सोसायट्यांमधल्या ‘चोवीस तासांत खत’ करणाऱ्या यंत्रांबद्दलही स्पष्ट सांगितलेलं बरं. ती कचरा तापवून वाळवतात आणि बारीक करतात. निघालेली तपकिरी भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की तिसऱ्या दिवशी बुरशी येते, कारण कुजणं तेव्हा सुरू झालेलं असतं. तीच भुकटी महिनाभर राशीत मुरवली तर चांगलं खत होतं, पण मग वीज कशासाठी जाळली?

या सगळ्यात नवं काही नाही. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पिकाचे अवशेष, शेण आणि माती थरांनी रचून पलटी मारायची जी पद्धत बसवली, ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवतात. त्याच इंदुरात २०२२ पासून रोज साडेपाचशे टन ओला कचरा घेऊ शकणारा, त्यापासून वाहनांचा गॅस करणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प आहे. शहराला हा प्रकल्प चालवता येतो, याचं मोठं कारण स्वयंपाकघरात आहे: ओला कचरा घरातूनच वेगळा येतो.

काचेचा तुकडा

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर सिटी कंपोस्ट, म्हणजे शहराच्या कचऱ्याचं खत, या शब्दाबरोबर पहिली आठवण काचेची आणि प्लास्टिकची येते. चिखलणीत, खुरपताना, अनवाणी पायाला लागलेला एक तुकडा पुरतो. पुढची दहा वर्षं त्या गावात कुणी ट्रॉली उतरवून घेत नाही.

काच खतात येते कशी? घरातून ओलं-सुकं एकत्र आलं, दाबून भरणाऱ्या गाडीत त्याच्यावर टनांचा दाब पडला, बाटली फुटली, ट्यूबलाइट फुटली, घड्याळातला सेल चेपला. आता वेगळं करायचं म्हटलं तर यंत्राच्या फिरत्या चाळण्या आहेत: आधी पस्तीस मिलिमीटर, मग सोळा, शेवटी चार. पण काचेचा चुरा चार मिलिमीटरच्या भोकातूनही पडतो. आणि सेलमधला शिसं, कॅडमियमसारखा धातू तर कचऱ्याच्या पाण्यातच उतरलेला असतो. तो कुठल्याच चाळणीला सापडत नाही. धातू कुजत नाहीत, जमिनीत साठत जातात.

म्हणून खताची गुणवत्ता प्रकल्पात ठरत नाही, ती ओट्याखालच्या बादलीत ठरते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात आणि तिथल्या तिथे हाताने वेगळा करतात. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हा त्यांचा आग्रह स्वच्छतेचा आहे तसाच खताचाही आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानलं आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. नियम चांगला, पण आवारात झालेलं खत जातं कुठे, हे त्यात उरतंच. चाळीस कुटुंबांच्या बागेला वर्षाला लागेल त्याच्या कितीतरी पट खत ती कुटुंबं तयार करतात. जिन्याखाली साठलेली पोती ही सोसायट्यांमधली नेहमीची तक्रार आहे.

काही माल तसाच ठेवला तर जिरत नाही: नारळाची करवंटी, आंब्याच्या कोया, मोठी हाडं. गणपतीतलं निर्माल्य वेगळं घेतलं तर उत्तम खत होतं, फक्त हारांतले दोरे, जरीच्या तारा आणि थर्माकोल आधी काढावा लागतो. नाहीतर दोरे पलटी मारणाऱ्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळतात.

पोत्याचा हिशेब

केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टचं मानक दिलेलं आहे. नत्र किमान ०.८ टक्के, स्फुरद ०.४, पालाश ०.४, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, कर्ब-नत्र प्रमाण वीसपेक्षा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ७.५, क्षारता, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा, चारच्या आत, ओलावा १५ ते २५ टक्के, आणि नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा. जड धातूंच्याही मर्यादा आहेत: किलोमागे शिसं शंभर मिलिग्रॅम, कॅडमियम पाच, पारा ०.१५.

आता युरियाशी तुलना. पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असतं. तेवढं नत्र ०.८ टक्क्यांच्या कंपोस्टमधून घ्यायचं तर दोन टन सहाशे किलो, म्हणजे पन्नास किलोची बावन्न पोती लागतात. एका बाजूला अनुदानित भावातली, दुचाकीवर आडवी टाकून नेता येणारी एक गोणी. दुसऱ्या बाजूला हमाली, भाडं आणि पसरायची मजुरी. शिवाय कंपोस्टमधलं नत्र पहिल्या हंगामात फार तर पाव-तिसरा हिस्साच पिकाला मिळतं. नत्राच्या भावाने विकायला गेलं की कंपोस्ट हरणारच, आणि कितीतरी नगरपालिकांनी नेमकी तीच चूक केली.

कर्बाचा हिशेब वेगळा येतो. एका एकरातली वरची पंधरा सेंटिमीटर माती साधारण नऊ लाख किलो भरते. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा. बारा टक्के कर्बाच्या कंपोस्टचे ते साडेसात टन. आणि घातलेल्या कर्बातला बराचसा एक-दोन वर्षांत जिरून जातो, म्हणून प्रत्यक्षात वीस टनांच्या पुढे. हे एका वर्षात कुणी घालत नाही आणि घालूही नये. एकरी दोन ते चार टन, दरवर्षी, सात-आठ वर्षं, ही वाजवी चाल. जो शेतकरी एकदा दोन पोती टाकून ‘फरक पडला नाही’ म्हणतो, तो खोटं बोलत नाही.

मग भाडं कुणी द्यायचं? केंद्राने २०१६ मध्ये सिटी कंपोस्टला टनामागे १५०० रुपयांचं विपणन सहाय्य दिलं आणि खत कंपन्यांना युरियाबरोबर ते विकायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा शिक्का काढला. शिक्क्याने प्रमाणित माल ओळखू येतो, ते ठीकच. पण मूळ अडचण दृष्टीची आहे. नगरपालिका कंपोस्टकडे विक्रीचा माल म्हणून बघते आणि त्यातून उत्पन्न अपेक्षित धरते. प्रत्यक्षात हाच कचरा डेपोवर नेऊन टाकायला तिला टनामागे वाहतूक, जागा, माती, आगी विझवणं आणि पुढे जुना ढीग उपसणं हा खर्च करावाच लागतो. तो वाचलेला खर्च शेतापर्यंतच्या भाड्याला लावला, तर शेतकऱ्याला खत बांधावर नाममात्र दराने मिळू शकतं. दहा टनांच्या गाडीला साठ किलोमीटरचं भाडं समजा सहा हजार रुपये पडलं, तर पोत्याला तीस रुपये. पोतं घ्यायचं की नाही, हे त्या तीस रुपयांवर ठरतं.

रिकाम्या परतणाऱ्या भाजीच्या गाडीचा उपयोग इथे होतो, अटी पाळून. दीड टनाच्या पिकअपमध्ये तीस पोती म्हणजे तळाला तीन थर. वर ताडपत्री आणि तिच्यावर रिकामे क्रेट. पोती शिवलेली हवीत, खत पूर्ण मुरलेलं हवं आणि पोती उतरल्यावर हौदा धुवायला हवा, कारण दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात कोथिंबीर चढणार आहे. सुटं खत या गाड्यांतून नेऊ नये. आणि गाडीवाल्याला यार्डातून पंचवीस किलोमीटर उलट्या दिशेच्या प्रकल्पावर जा म्हटलं तर तो जाणार नाही. पोती त्याच्या वाटेवर, यार्डाजवळच्या गोदामात, सकाळी सातला तयार असली पाहिजेत.

घेण्याआधी

गाडी मागवण्याआधी चार-पाच किलो नमुना मागावा. पांढऱ्या कापडावर पातळ पसरून काच, प्लास्टिक, सुई दिसते का ते उन्हात बघावं. मूठभर ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवावं. उघडल्यावर अमोनियाचा किंवा कुजका वास आला, पिशवी गरम लागली, तर खत कच्चं आहे. एका ट्रेमध्ये खत आणि माती निम्मी-निम्मी, दुसऱ्यात नुसती माती घेऊन पन्नास-पन्नास मेथीचे दाणे टाकावेत. पाचव्या-सहाव्या दिवशी खताच्या ट्रेमधली उगवण बरीच कमी दिसली तर तो माल परत.

कच्च्या खताचं नुकसान दुहेरी असतं. ते शेतात कुजायला लागलं की जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. शेतकरी समजतो युरिया कमी पडला. आणि अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात. त्यांतून निघणारी हुमणीची अळी उसाला आणि भुईमुगाला मुळाशी खाते. पूर्ण मुरलेल्या खतात हा धोका बराच कमी.

जड धातूंचा अहवाल त्या-त्या घाणीचा, म्हणजे बॅचचा मागावा. तीन वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालवून घेऊ नये. क्षारतेचा आकडा दौंड, इंदापूर, बारामतीकडच्या चोपण-खारवट रानात फार महत्त्वाचा आहे. चारच्या जवळचं खत तिथे घालू नये. शहरातल्या उरल्यासुरल्या अन्नात मीठ असतं, ते खतात येतंच.

खत पेरणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पसरून हलकं मातीआड करावं. उघड्यावर उन्हात आठवडाभर ढीग पडू देऊ नयेत. फळझाडाला आळ्यात दहा-वीस किलो, बुंध्यापासून हातभर लांब. शंभर किलो खतात एक किलो ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून ओल्या बारदानाखाली सावलीत आठवडाभर ठेवलं तर ती बुरशी खतात वाढते, आणि हा खर्च कल्चरच्या पावडरीपेक्षा सार्थकी लागतो.

सोनखत

मराठीत मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, त्यामागचा व्यवहार तसा नव्हता. शहरातला मैला शेतापर्यंत पोचत होता तो विशिष्ट जातींच्या माणसांच्या डोक्यावरून. तो धंदा १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बेकायदा ठरवला, आणि तो बंदी घालण्याजोगाच होता. जुन्या चक्राच्या आठवणी काढताना हा भाग गाळून चालत नाही.

आज तीच सोय माणसाचा हात न लावता करता येते. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर या नगरपालिकांनी शौचटाक्या तुंबायची वाट न बघता दर तीन वर्षांनी ठरल्या वेळापत्रकाने यंत्राने उपसायला सुरुवात केली आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेला. कर्नाटकात देवनहळ्ळीला वाळवलेला मैला शहराच्या ओल्या कचऱ्यात मिसळून त्याचं खत केलं जातं. राशीचा पंचावन्न अंशांचा नियम इथे दुप्पट काटेकोर, कारण जंतांची अंडी चिवट असतात. असं खत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मुळ्याला घालू नये; ऊस, कापूस, फळबाग ठीक.

डेपो आणि गोदाम

परतीचा व्यवहार बिघडला की काय होतं, ते पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी दाखवलं. पुण्याचा कचरा तिथे १९८० च्या दशकापासून जात राहिला. विहिरी नासल्या, टँकर लावावे लागले, गावकऱ्यांनी २०१४ आणि २०१७ मध्ये गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली गेली. गावाच्या नावावर खत यायचं होतं, आला कचरा. तोही मिश्र, ज्याचं धड खत होत नाही. म्हणून आज कुठल्याही गावात ‘खत प्रकल्प’ असा शब्द काढला की लोक आधी रस्त्यावर उतरतात, आणि त्यांचं चुकत नाही. जागा शोधणाऱ्या नगरपालिकेने आधी तयार खताच्या दोन ट्रॉल्या त्या गावात फुकट उतरवाव्यात, मग जागेची बोलणी करावीत.

आणि गोदाम बांधावं. कचरा बाराही महिने येतो. खताला गिऱ्हाईक मात्र मे महिन्यात, खरिपाच्या तयारीला, आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीच्या आधी. मधले महिने प्रकल्पावर खत पडून राहतं, पावसात धुतलं जातं, त्यावर गवत उगवतं, आणि ‘उठाव नाही’ असा अहवाल वर जातो. पंचेचाळीस हजारांच्या त्या गावाचं रोजचं एक टन तीनशे किलो खत चार महिने साठवायचं तर दीडशे टनांच्या वर होतं. त्याला दहा बाय पंधरा मीटरची पत्र्याची शेड पुरते. थर पावणेदोन मीटर, खाली सिमेंटचा कोबा, बाजूने हवा खेळती. पोती भरायचं काम एप्रिलच्या सुरुवातीला काढावं, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात गावात ना मजूर मिळतो ना ट्रॅक्टर.